बायपासनंतर छाती दुखते तेव्हा: सोसायचं किती आणि गोळी घ्यायची कधी

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका सूनबाईंचा आहे. त्यांच्या मामंजींचा बायपास होऊन तीन आठवडे होत आलेत. वय साठीच्या पुढे, आयुष्यभर भातशेती आणि काजू. घरी आल्यापासून छातीची डावी बाजू जळजळते, शर्टसुद्धा लागलेला सोसवत नाही. खोकला आला की डोळ्यांत पाणी येतं. पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये सारखा ठणका असतो आणि रात्री झोप नाही. गोळ्या घ्यायला तयार नाहीत, "किडनीवर जातात" म्हणतात. शेजारच्या काकूंनी कोमट तेलाने छाती चोळायला सांगितलीय, ती चोळावी का, आणि हे दुखणं हार्टचं तर नाही ना, असं त्यांनी विचारलंय.

मी बेळगावात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची फिजिओथेरपी करते. हे प्रश्न थोड्याफार फरकाने मला रोज ऐकायला मिळतात, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तेलाचं आधी सांगून टाकते. छाती चोळायची नाही. जखमेवर आणि तिच्या आजूबाजूला तेल, बाम, हळद, चुन्याचा लेप, काही म्हणजे काही लावायचं नाही. जखम वरून सुकलेली दिसली तरी आतलं हाड अजून कच्चं आहे. चोळताना तळव्याचा जो दाब पडतो तो थेट त्या हाडावर पडतो. गरम पाण्याची पिशवीसुद्धा छातीवर नको. डाव्या बाजूची कातडी सध्या बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. पाठीवर मात्र कपड्यावरून बेताची ऊब चालते. त्याचं पुढे सांगते.

आता दुखतं का ते. बायपास करताना छातीच्या मधलं हाड, म्हणजे उरोस्थी, वरपासून खालपर्यंत करवतीने उभी कापतात आणि दोन्ही बाजू फाकवून ठेवतात. काम झालं की ती स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधतात. या तारा कायम आतच राहतात, त्यांचा सहसा त्रास होत नाही. हाड बऱ्यापैकी सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरतं घट्ट व्हायला साधारण तीन महिने. बरगड्या फाकवल्या की त्यांचे मागचे, पाठीच्या मणक्याशी असलेले सांधेही ताणले जातात. मामंजींच्या पाठीतला ठणका बहुतेक त्यातला आहे. त्यात माणूस जखम जपायला म्हणून खांदे पुढे घेऊन वाकून बसतो, मान खाली घालून चालतो, आणि ठणका दुप्पट होतो. हार्टचं ऑपरेशन आणि दुखते पाठ, म्हणून लोक घाबरतात, पण आमच्याकडे ही तक्रार छातीच्या तक्रारीइतकीच असते.

डाव्या बाजूच्या जळजळीचं कारण वेगळं आहे. बायपाससाठी पायातली शीर घेतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण बहुतेक रुग्णांत छातीच्या आतल्या भिंतीवरून, उरोस्थीच्या डाव्या कडेने जाणारी एक धमनीही सोडवून हृदयाला जोडतात. ती फार वर्षं टिकते म्हणून सर्जन तिला पहिली पसंती देतात. ती सोडवताना तिथल्या बारीक नसा दुखावतात. मग डावी छाती कुठे बधिर, कुठे मुंग्या, कुठे मिरची चोळल्यासारखी आग. कापड घासलं तरी नको वाटतं. याचा हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंध नाही. काही आठवड्यांत कमी होत जातं, काहींना काही महिने लागतात, आणि एखादा बधिर पट्टा कायमचाही राहतो. सध्या अंगात मऊ, जुना सुती बनियन घाला, त्यावर सैल शर्ट. जखम पूर्ण भरली आणि सर्जनने हो म्हटलं की त्या भागावर (जखमेवर नव्हे) दिवसातून दोन-तीनदा कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा, नंतर मऊ फडकं, मग टॉवेल. कातडीला स्पर्शाची सवय परत लागते. एवढं करूनही आग झोपू देत नसेल तर नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात. साध्या वेदनाशामकाने ही आग फारशी हटत नाही, म्हणून तपासणीत "दुखतं" एवढंच न सांगता "आग होते, कपडा सोसवत नाही" असं स्पष्ट सांगा.

गोळ्यांबद्दल मात्र मला मामंजींशी थोडं भांडायचं आहे. आपल्याकडे दुखणं मुकाट सोसणाऱ्याचं कौतुक होतं, त्यात शेतकरी माणूस म्हणजे विचारूच नका. पण छाती दुखते म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो, हलायचं टाळतो. फुफ्फुसांचा खालचा भाग उघडत नाही, तिथे कफ साठतो, ताप येतो, आणि मग जो खोकला सुरू होतो तो कच्च्या हाडाला दिवसरात्र हिसके देतो. सोसून शौर्य दाखवलं, त्याची किंमत फुफ्फुसांनी मोजली, असा प्रकार. गोळी घ्यायची ती खोल श्वास घेता यावा, खोकता यावं, चालता यावं म्हणून.

किडनीची भीती अगदीच खोटी नाही, पण ती चुकीच्या गोळीला चिकटली आहे. डिस्चार्ज कार्डावर बहुधा पॅरासिटामॉल लिहिलेली असते, 650 ची, दिवसातून तीन वेळा वगैरे. ठरलेल्या मात्रेत ती मूत्रपिंडांना सहसा त्रास देत नाही. तिची काळजी यकृतासाठी घ्यायची असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय 24 तासांत 3 ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते हे लक्षात ठेवायचं. यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर आधीच सांगायचं. किडनीवर जाणाऱ्या गोळ्या वेगळ्या: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसेक्लोफेनॅक. मेडिकलमध्ये "अंगदुखीची द्या" म्हटलं की सुट्या मिळतात त्यांतल्या बऱ्याचशा याच. कॉम्बिफ्लामसारख्या नावाजलेल्या गोळीतही आयब्युप्रोफेन आहे. बायपासनंतर या गोळ्या मूत्रपिंडांना आणि खुद्द हृदयालाही धोक्याच्या. ज्यांची झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांना तर रक्तस्रावाचा धोका. त्या परस्पर घ्यायच्याच नाहीत. याउलट कार्डावरची लहान ॲस्पिरिन "पित्त होतं" म्हणून परस्पर बंद करायची नाही. नवीन जोडलेल्या वाहिन्या उघड्या राहाव्यात म्हणून ती आहे. जेवणानंतर घ्या, तरी जळजळलं तर डॉक्टरांना सांगा.

पहिले काही आठवडे पॅरासिटामॉल कार्डाप्रमाणे वेळेवर घ्यावी, दुखणं डोक्यावर बसेपर्यंत थांबू नये. माझा आग्रह असतो की सकाळची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने श्वासाचे व्यायाम आणि चालणं करावं, आणि रात्रीची झोपायच्या जरा आधी घ्यावी.

खोकल्याची रीत अशी. खाटेच्या कडेला किंवा खुर्चीत बसायचं, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. चादरीची घट्ट घडी करून उशीएवढी गुंडाळी करायची. घरातली कापसाची उशी दबते, तिचा आधार मिळत नाही. गुंडाळी छातीवर उभी धरून दोन्ही हातांनी कवटाळायची, कोपरं बरगड्यांना टेकलेली. नाकाने दोन-तीन खोल श्वास, पोट फुगेल असे. मग तोंड उघडून, आरशावर वाफ धरतो तसा, "हा… हा…" करत जोराने श्वास सोडायचा. याने कफ वर सरकतो. मग गुंडाळी घट्ट आवळून एक-दोनदाच खोकायचं. शिंक आली, हसू आलं, उचकी लागली तरी हात आधी गुंडाळीकडे गेला पाहिजे, म्हणून ती कायम हाताशी ठेवा, गाडीत जाताना सुद्धा. हॉस्पिटलमधून तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल. ते बहुतेक घरांत आठवड्यात कपाटावर जातं. जागेपणी दर तासाला दहा श्वास, हळू आणि लांब ओढलेले. चेंडू झटकन वर उडवण्यात काही मिळवलेलं नसतं, वर धरून ठेवण्यात मिळवलेलं असतं. आणि चुलीचा धूर, उदबत्ती, पेटती विडी यांपासून मामंजींना लांब बसवा. धुराने उठलेला खोकला आवरत नाही.

आता उठणं. छातीत दिवसभरात जी सगळ्यात वाईट कळ येते ती बहुधा अंथरुणातून उठताना येते, आणि निम्म्या वेळा ती मदत करणाऱ्यामुळे येते. मुलगा प्रेमाने हात धरून ओढतो, किंवा बगलेत हात घालून उचलतो. दोन्हींत कापलेल्या हाडाच्या दोन बाजू विरुद्ध दिशांना ओढल्या जातात. जमिनीवरचं अंथरूण तर तीन महिने विसरा. गुडघ्याच्या उंचीची खाट लागेल. उठताना आधी दोन्ही गुडघे वाकवायचे. गुंडाळी कवटाळून खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवायची, पिळा पडू द्यायचा नाही. मग दोन्ही पाय खाटेखाली सोडायचे. पाय खाली जातात तसं त्यांच्या वजनाने धड वर येतं. मदत करणाऱ्याने खांद्याच्या पाठीमागे तळवा ठेवून नुसता आधार द्यायचा. उभं राहताना खुर्चीच्या हातांवर जोर न देता बूड पुढे सरकवून, पाय मागे घेऊन, मांड्यांच्या जोरावर उठायचं. सुरुवातीला जमत नाही. दोन दिवसांत जमतं.

झोपताना पाठीवर, आणि डोकं-खांदे थोडे उंच. एका उशीवर नुसती मान उचलू नका, पाठीपासून उतार होईल अशा दोन-तीन उशा किंवा गोधड्यांच्या घड्या लावा. दोन्ही कोपरांखाली एकेक छोटी उशी ठेवली की खांद्यांचं वजन छातीवर ओढलं जात नाही. एवढ्या एका गोष्टीने कित्येकांना पहिली सलग झोप लागते. कुशीवर झोपायचं असेल तर हाड हलल्यासारखं वाटत नाही ना हे पाहून, पोटाशी उशी धरून. रात्री उशीवर डोकं टेकलं की हृदयाची धडधड कानात ऐकू येते अशीही तक्रार असते. नाडी नियमित असेल तर ती काळजीची गोष्ट नाही. नाडी वेडीवाकडी आणि फार जलद लागली तर मात्र त्याच दिवशी कळवा. या ऑपरेशननंतर हृदयाची लय बिघडण्याचा प्रकार बऱ्याच जणांत होतो आणि त्यावर औषध आहे.

पाठीच्या ठणक्यासाठी: दिवसातून चार-पाच वेळा ताठ बसून खांदे मागे फिरवायचे, दहा वेळा, सावकाश. दोन्ही हात एकदमच, दुखणार नाही तेवढे समोरून वर न्यायचे आणि खाली आणायचे. एकच हात वर ताणायचा नाही. नंतर वरच्या पाठीवर कपड्यावरून कोमट पिशवी दहा मिनिटं. काही घरांत रुग्णाला इतकं जपतात की तो महिनाभर केससुद्धा स्वतः विंचरत नाही, आणि मग छाती बरी होते पण खांदे आखडतात. कोपरं अंगालगत ठेवून केलेली हलकी कामं, म्हणजे दाढी, जेवण, बनियन घालणं, त्याने स्वतःच करावीत.

वजनाचं मात्र कडक. सहा ते आठ आठवडे दोन-तीन किलोच्या वर नाही, आणि तेही दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून. भरलेली कळशी, दुधाचा कॅन, खताचं पोतं यांच्या आसपासही जायचं नाही. दोन वर्षांचा नातू सहज दहा-बारा किलोचा असतो. त्याला खाली बसवूनच आजोबांच्या शेजारी द्या, आणि मांडीवर उडी मारणार नाही हे बघा. कुदळ, कोयता, म्हशीची धार, ट्रॅक्टर हे सगळं तीन महिन्यांनंतर, तेही सर्जनला विचारून. दुचाकी चालवणं सोडाच, मागे बसूनही नको. खड्ड्यात बसणारा हिसका सरळ छातीत येतो. तपासणीला जाताना चारचाकीत मागच्या सीटवर, बेल्ट लावून, आणि बेल्ट नि छातीच्या मध्ये टॉवेलची घडी.

संडासला कुंथणं हा छातीवर येणारा आणखी एक ताण, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. ट्रॅमाडॉलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळीने पोट धरतं. इसबगोल, पपई, पालेभाजी, आणि पाणी डॉक्टरांनी जेवढं ठरवून दिलं असेल तेवढं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण मात्र रोज सारखंच ठेवा. परड्यातल्या भारतीय संडासात उकिडवं बसून हातावर जोर देत उठणं टाळा, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

चालणं रोज. सुरुवातीला पाच-पाच मिनिटं, तीन-चार वेळा, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. खानापूरकडच्या पावसात अंगणात शेवाळ धरतं, तिथे घसरण्यापेक्षा सोप्यातच फेऱ्या माराव्यात.

तुम्ही विचारलं नाही, पण बायकांसाठी दोन गोष्टी लिहिते, कारण सर्जनसमोर त्या बोलत नाहीत. स्तनांचं वजन जखमेला दोन्हीकडे ओढतं आणि त्याने फार दुखतं. तार नसलेली, पुढून हुक असलेली सुती ब्रा दिवसरात्र घातली की दुखणं लगेच उतरतं. मंगळसूत्राचे मणी जखमेवर घासतात. काढायला घरचे तयार नसतील तर खाली मऊ सुती पट्टी ठेवा. भाकरी थापणं आणि कणीक मळणं यांत तळव्यावर सगळा भार येतो, तेव्हा तीन महिने ते काम दुसऱ्या कोणाकडे. आणि मिश्री. निपाणीपासून इकडे घराघरांत ती आहे, तिला कोणी तंबाखू समजतच नाही. तंबाखू कोणत्याही रूपात घेतली तरी जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड सांधायला वेळ लागतो. मामंजींच्या चंचीलाही हेच लागू. साखर असेल तर ती ताब्यात ठेवणं त्याच कारणाने गरजेचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हे हार्टचं तर नाही? जखमेचं आणि हाडाचं दुखणं हालचालीने, खोकल्याने, दाबल्याने वाढतं आणि बोट ठेवून दाखवता येतं. हृदयाचं दुखणं चालताना किंवा चढताना छाती आवळल्यासारखं येतं, जबड्याकडे, हाताकडे, पाठीकडे जातं, सोबत घाम, मळमळ, दम लागतो. ऑपरेशनच्या आधी जसं दुखायचं तसंच पुन्हा वाटलं तर शंका घ्यायचीच. मधुमेह असलेल्यांत मात्र नुसता दम आणि घाम एवढंच दिसू शकतं. अशा वेळी जागीच बसवा, जिभेखालची गोळी कार्डावर लिहून दिली असेल तर द्या, आणि 108 लावा. फोनवर कन्नड बोलायची वेळ आली तर "एदे नोवु, बायपास आगिदे" एवढं पुरतं, पुढे गावाचं नाव. ऑपरेशन बेळगावात, मिरजेत, कोल्हापुरात किंवा हुबळीत, कुठेही झालेलं असो, त्या क्षणी तिथेच नेण्याचा हट्ट नको. जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे आधी. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये असू द्या.

दुसरं एक दुखणं ओळखून ठेवा. श्वास ओढताना टोचतं, आडवं झालं की वाढतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, अंगात कणकण. हृदयावरच्या आवरणाला सूज आली की असं होतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते उद्भवतं, औषधाने बरं होतं, पण डॉक्टरांनी लवकर बघायला हवं.

आणि हाडाचा आवाज. कूस बदलताना, खोकताना छातीत "कट्" होतं, दोन बाजू एकमेकींवर घासल्यासारख्या वाटतात, तर स्वतः दाबून खात्री करत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला फोन. जखमेतून पाणी किंवा पू, कडेची लाली वाढत जाणं, 100.4 च्या वर ताप, एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढणं, आडवं झाल्यावर दम लागणं, यांतलं काहीही झालं तरी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. जखमेच्या वरच्या टोकाला गळ्याखाली छोटा टेंगूळ दिसतो, तो लाल किंवा गरम नसेल तर काही महिन्यांत बसतो. त्याला घाबरू नका, पण तपासणीत दाखवा.

मामंजींची जळजळ, खोकल्याची कळ आणि पाठ, तिन्ही तुम्ही लिहिलंय तशीच असतील तर ती नेहमीच्या वाटेवरची वाटतात. पण मी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून पुढच्या तपासणीत जखम आणि हाड सर्जनकडून हाताने तपासून घ्याच. तोवर पॅरासिटामॉल कार्डाप्रमाणे सुरू करा, कोपरांखाली उशा द्या आणि चार दिवसांनी झोपेचं काय झालं ते कळवा. गोळीवरून अजून वाद चालू असेल तर मामंजींनाच फोनवर द्या.